'डबल बेल' : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

'डबल बेल' या माझ्या कॉमिकच्या रंगीत, बोटानं खाली सरकवत वाचायच्या लांब भागांचा बेत आज रीतसर गुंडाळला. नवा साचा असा: चार चौकटी, काळा-पांढरा आणि सोबत एकच लाल. आकार १०८० बाय १३५० पिक्सेल. अख्खा भाग इन्स्टाग्रामच्या एका चित्रात मावतो आणि तेच चित्र व्हॉट्सॲपवरही पाठवता येतं.

कारण इथं लिहून ठेवतो, नाहीतर दिवाळीनंतरच्या मोकळ्या डोक्यात पुन्हा हुक्की यायची. आठवड्याला एक लांब भाग ही कोरियाची रीत. नेव्हर या तिथल्या कंपनीनं २००४ मध्ये वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची कॉमिक, सुरू केलं आणि पुढे ती चाल सगळीकडे गेली. पण तिथं ज्याचं नाव वर झळकतं, त्याच्या हाताखाली रंग भरायला आणि मागची घरं-झाडं काढायला माणसं असतात, आणि त्यांचं पोट त्यावरच चालतं. मी एसटीत कंडक्टर. परवा कोणत्या गाडीवर जायचं ते ड्युटी चार्ट लागल्यावर कळतं. साप्ताहिक सुट्टीसुद्धा कोणी रजेवर गेलं की इकडची तिकडे होते. 'दर शुक्रवारी नवा भाग' असं मी लिहिलं तर त्यातला शुक्रवार डेपोच्या हातात.

म्हणून आठवड्याचा हिशोब बंद. आता हिशोब मुक्कामाचा. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात उभी राहते, पहाटे निघते. मधले काही तास माझे. घरी असलो की ते माझे नसतात, हे बायको हा कागद न वाचताही सांगेल.

कामाची वाटणी: एका मुक्कामात संवाद आणि ते ज्यात लिहायचे ते फुगे, पुढच्यात रेघा. लाल रंग आणि फाइल घरी.

चौथी चौकट कायमची ठरली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. तर चौथ्या चौकटीत फक्त दोरी ओढणारा हात आणि 'टिंग टिंग'. हात एकदाच नीट काढला, आता फक्त वरचा फुगा बदलायचा. चार आण्यांचं काम कायमचं वाचलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान झालं. बऱ्याच गाड्या निवडणुकीच्या कामाला गेल्या, उरलेल्यांवर दोन-दोन फेऱ्यांचे प्रवासी. टपावर बसायला बंदी नसती तर तिथंही तिकीट फाडलं असतं. चित्र शून्य.

पण ऐकायला भरपूर मिळालं. गर्दीच्या गाडीत हात मोकळा नसतो, कान असतो. आता खिशात छोटी डायरी ठेवली आहे. एक वाक्य, कुठं ऐकलं त्या थांब्याची खूण, बस. डायरीही चालत्या गाडीत काढायची नाही, थांब्यावर किंवा स्टँडवर. चालत्या गाडीत माझं काम तिकीट.

एका ओळखीच्यानं प्रचाराची चित्रं काढून मागितली होती, पैसेही देणार होता. नाही म्हटलं. नोकरी अशी आहे की त्यात विचार करायलासुद्धा जागा नाही. आणि खरं सांगायचं तर त्या उमेदवाराचं नाक मला जमलंही नसतं.

३ डिसेंबर, मंगळवार

आजचा विषय फाँट. सुट्टी होती, सकाळ त्यातच गेली.

सुरुवातीला फुगे हातानं लिहायचो. अक्षर बरं आहे, पण फोनच्या काचेवर मात्रा आणि अनुस्वार जुळेपर्यंत रात्र संपते. डीटीपीवाल्याकडचे जुने फाँट फोनवर चालत नाहीत. त्यांची अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत, टाइप केलं की भलतंच उमटतं. गुगलच्या संग्रहातले युनिकोड फाँट मोफत आहेत आणि त्यांचा परवानाही मोकळा आहे. हाती लिहिल्यासारखा 'कलम' आहे, गुबगुबीत 'बालू' आहे. सगळे उतरवून एकच शब्द टाइप करून पाहिला: पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. कुठून तरी आणलेल्या एका फाँटात त्यातला अर्धा र मोडून पडला. ज्या फाँटाला पऱ्हाटी लिहिता येत नाही तो आमच्या तालुक्यातल्या कॉमिकला काय कामाचा? दुसरी चाचणी ल आणि श यांची. काही फाँटांत ते हिंदी वळणाचे येतात. वाचणारा अडत नाही, पण गाडीवरच्या पाटीशी जुळत नाही.

'कलम' ठेवला. ओरडण्यासाठी 'बालू'चा जाड.

फुग्याचं गणितही बसवलं. इंग्रजी कॉमिकात ओळी एकमेकींना खेटून बसतात. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळींत अंतर वाढवलंच पाहिजे, नाहीतर खालच्या ओळीची मात्रा वरच्या उकाराला जाऊन भिडते. म्हणजे चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा फुग्याचा, हे आधीच कबूल करायचं. आधी अक्षरं, मग उरलेल्या जागेत माणसं. उलटं केलं की कोणाचं तरी डोकं कापावं लागतं.

१५ डिसेंबर, रविवार

मुक्काम, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचं गाव. गाडी ग्रामपंचायतीसमोर लागते. ड्रायव्हर काका गाडीतच मागच्या लांब सीटवर झोपतात, मी ग्रामपंचायतीच्या खोलीत, उशाला कॅशची बॅग.

खोलीत चालू सॉकेट एकच. तिकीट मशीन चार्ज झालंच पाहिजे, पहाटे पहिल्याच थांब्यावर शाळेची पोरं, दूधवाले आणि यवतमाळला दवाखान्यात निघालेली माणसं चढतात. त्यामुळे आधी मशीन, मग फोन. मशीन भरेपर्यंत फोन आहे त्या बॅटरीवर. हा हिशोब लक्षात घेऊन क्रम ठरवला: आधी संवाद टाइप करायचे, त्याला बॅटरी कमी लागते. मशीन निघालं की फोन लावायचा आणि मग रेघा. आयबिसपेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये चार थर पुरतात, फुगे, रेघा, लाल, कच्चं. जास्त थर केले की फोन तापतो.

रात्री बाहेर फिरायचं नाही, हे गावकरी दर वेळी बजावतात. या पट्ट्यातल्या लोकांनी २०१८ ची माणसं मारणारी टी-१ वाघीण पाहिली आहे, तेव्हा ते उगाच म्हणत नाहीत. वाघाला गाडीत बसवून तिकीट विचारायचा विनोद डोक्यात आला होता, डायरीत लिहिलाही होता. खोडला. शहरात बसून हसायला ठीक आहे. इथं लोक तुरीच्या राखणीला खरंच रात्रीचे जातात.

काका खिडकीतून डोकावून म्हणाले, "झोप बे आता, पहाटं पोट्टे येतीन." दिवा विझवला, फोनचा उजेड कमी केला आणि तिसऱ्या चौकटीतली बकरी संपवली.

५ जानेवारी २०२५, रविवार

आदिलाबादचा भाग तयार झाला. आतापर्यंतचा मला सगळ्यात आवडलेला, म्हणून संहिता इथं उतरवतो.

मागची गोष्ट अशी. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीत प्रवास मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. पण सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. आमच्याकडून आदिलाबादला जाताना वाटेत पैनगंगा लागते आणि नदी ओलांडली की तेलंगणा. तिकडेही ९ डिसेंबर २०२३ पासून बायांना फुकट आहे, पण त्यांच्या गाडीत आणि तिथल्याच रहिवाशांना.

चौकट १. बुढी: "आदिलाबाद द्या एक. पंच्याहत्तर पुरे झाले, हे पाय आधार."
चौकट २. कंडक्टर: "मंग पुलापर्यंत फुकट, आजी. पुलाच्या तिकडे पुरं तिकीट."
चौकट ३. खिडकी, बाहेर पैनगंगेचा पूल. शेजारची बाई: "तिकडे त बायायले फुकट हाय म्हन्ते!" कंडक्टर: "त्यायच्या गाडीत. त्यायच्या आधारवर."
चौकट ४. दोरी, टिंग टिंग. बुढीचा फुगा: "मंग नदीत किती?"

तिसऱ्या चौकटीखाली मी योजनांची माहिती देणारी ओळ टाकली होती, पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळावं म्हणून. पोरगी सातवीत आहे, पहिली वाचक तीच. म्हणाली, "बाबा, हे कायले लिहिलं? अथी सगळ्यायले माहीत हाय." ओळ काढली. ज्याला कळायचं त्याला कळेल. नाही कळलं तर त्यानं एकदा पैनगंगा ओलांडून पाहावी.

संवाद वऱ्हाडीतच ठेवायचे, हेही यानिमित्तानं पक्कं केलं. टीव्हीवर ही बोली हसवायलाच वापरतात, येडं पात्र दाखवायचं असलं की काढली बाहेर. इथं शहाणा बोलतो तोही याच बोलीत बोलतो.

२७ जानेवारी, सोमवार

परवापासून तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. दर सरकार ठरवते, मशीनमध्ये ते आपोआप येतात, पण समोर उभा असतो मी. सुट्ट्या पैशांवरून दिवसभर वाद. अर्ध्या तिकिटाला तर जास्तच, कारण अर्धं करताना आकडा अडनिडा येतो. यूपीआयनं पैसे घेता येतात, पण अर्ध्या रस्त्यात रेंज नसते आणि बाया लुगड्याच्या गाठीतून नोट काढतात.

यावर भाग काढायचा मोह झाला. काढला नाही. ताज्या रागावर काढलेलं चित्र दुसऱ्या दिवशी भाषण वाटतं. डायरीत चार वाक्यं लिहून ठेवली आहेत, थंड झाली की बघू.

तांत्रिक: इन्स्टाग्रामनं याच महिन्यात प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले, ३:४ प्रमाणात. जुन्या भागांची मुखपृष्ठं मी चौरस धरून बनवली होती, त्यांच्या कडा आता भलत्याच ठिकाणी कापल्या जातात. दुरुस्त करत बसणार नाही. तेवढ्या वेळात नवा भाग होतो.

२ मार्च, रविवार

शिवरात्रीच्या जादा गाड्या आटोपल्या.

पळस फुलला आहे. घाटंजीच्या रस्त्यानं दोन्ही अंगानं. माझ्याकडे रंग एकच, लाल, तो आजवर फक्त गाडीला आणि 'टिंग टिंग'ला वापरायचो. या भागात गाडी पांढरी सोडली आणि लाल सगळा खिडकीबाहेर. एकच रंग असला की तो कुठं द्यायचा याचा विचार करावा लागतो. रंगीत काढायचो तेव्हा हा विचार मी कधी केलाच नव्हता, आकाश निळं, झाड हिरवं, चालू.

खिडक्यांची युक्तीही चांगली बसली. गाडीची आतली बाजू तीन कोनांतून एकदाच काढून ठेवली आहे: दारातून, मागून, आणि खिडकीसमोरची सीट. 'स्त्रियांसाठी राखीव'ची पाटीसुद्धा त्यातच. प्रत्येक भागात तीच चिकटवायची, बदलतं ते खिडकीबाहेरचं. नोव्हेंबरात पांढरी फुटलेली पऱ्हाटी, जानेवारीत तूर, आता पळस. वाचणाऱ्यांना वाटतं मी मागचं चित्र फार मेहनतीनं काढतो.

२० एप्रिल, रविवार

लगनसराई. गाडीत वऱ्हाड, आंदणाची भांडी, रुसलेले पाहुणे. पारा ४४-४५ च्या घरात. दुपारी गाडीचा पत्रा हात लावू देत नाही आणि फोन खिशातच इतका तापतो की रात्री चार्जिंगला लावला तरी 'थंड होऊ द्या' म्हणून अडून बसतो.

चित्र बंद. मुद्दाम लिहितो, बंद. 'उन्हाळी सुट्टी, पावसाळ्यात भेटू' असं एक चित्र टाकून मोकळा झालो. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते तर कॉमिकला का नको?

एका चित्रकार मित्रानं सुचवलं, एक सुट्टी गाठ आणि २४ तासांची कॉमिक कर, एका दमात साठा होईल. ती कल्पना मला माहीत आहे. १९९० मध्ये स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन कॉमिककारानं एका संथ हाताच्या मित्राला आणि स्वतःला पैज लावली, २४ तासांत २४ पानं. पुढे ती जगभर खेळली गेली. पण ज्याला उद्या पहाटे ड्युटीवर जायचंच आहे त्यानं रात्र जागू नये. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात लोकांचे पैसे असतात, आणि काकांच्या हातात स्टिअरिंग. मी डुलक्या घेतल्या तर मागचं दार कोण बघणार? मित्राला आईस्क्रीम पाजून परत पाठवला.

उन्हाळ्यात डायरी मात्र चालू. वऱ्हाडी लोक भांडतात तेव्हा फार सुंदर बोलतात.

२४ जून, मंगळवार

विदर्भातल्या शाळा काल उघडल्या. उन्हामुळे आमच्याकडे बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात, यंदा तिकडे १६ तारखेला सुरू झाल्या. काल पासच्या गर्दीत सगळा दिवस गेला. पाऊस पडला, रात्री गारवा आला, फोन पुन्हा माणसात आला.

सुट्टीचा फायदा दिसतो आहे. डायरीतली अर्धी वाक्यं आता शिळी वाटतात, ती खोडली. उरलेली चांगली आहेत. भाडेवाढीची चार वाक्यंही उघडून पाहिली. तीन नुसता संताप. एक राहिलं, एका म्हाताऱ्याचं. तो ७४ वर्षांचा, नव्या दराचं अर्धं तिकीट हातात घेऊन म्हणाला होता, "भाऊ, एक वर्ष उधार द्या ना." यावर भाग होतो. भाडेवाढ त्यात कुठंच येत नाही, तरी आहेच.

साठ्याबद्दल नियम: हातात तीन तयार भाग असल्याशिवाय नवा टाकायचा नाही. आधी मी काढला की लगेच टाकायचो, रंग वाळण्याआधी, आणि मग मुक्काम हुकला की हात रिकामे. साठा असला की लोकांना भाग मिळत राहतो आणि मला ड्युटी चार्टाची धास्ती राहत नाही.

आज गाडीत एका बाईनं विचारलं, "कंडक्टर भाऊ, ते बुढी माही सासू हाय ना?" नाही म्हटलं. खरंच नाही. ठरवूनच कोणाचा चेहरा घेत नाही. नाक एकाचं, पदर दुसरीचा, बोलणं तिसऱ्याचं, डेपोचं नाव नाही, गावाचं नाव नाही. लोक रोज माझ्याच गाडीत बसणार आहेत. बाईचा विश्वास बसला नाही. उतरताना म्हणाली, "तिचंच हाय. पैसे वाचवाले ते नदीतही उतरन."

हे वाक्यही डायरीत गेलं. वापरता येणार नाही, पण गेलं.

३ जुलै, गुरुवार

आषाढीच्या जादा गाडीवर नाव लागलं. पंढरपूर. साठ्यातला एक भाग जाताना टाकला, दुसरा परतल्यावर टाकीन. व्हॉट्सॲपवरच्यांना चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं, हे पोरीला दाखवून ठेवलं. साधा फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान होतं आणि 'कलम'ची बारीक अक्षरं पुसट दिसतात.

१० जुलै, गुरुवार

परत आलो. झोप झाली. पंढरपूरचं काहीही काढणार नाही. वारीवर काढणारे पुष्कळ आहेत आणि माझ्याहून बरे आहेत. मी पाहिलं ते बसस्टँड, रांग आणि वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद.

नवा चार्ट लागला. पुढचे काही दिवस नागपूरची गाडी, सकाळी जाऊन रात्री घरी. मुक्काम नाही. पगाराच्या, जेवणाच्या, बायकोच्या हिशोबानं हे चांगलंच आहे, पोरगी तर खूष. 'डबल बेल'चा मात्र सगळा हिशोब मुक्कामावर बांधलेला.

आता नागपूरच्या स्टँडवर परतीच्या फेरीआधी थोडा वेळ मिळतो. त्यात जेवण, कॅश मोजणं, हातपाय धुणं. उरेल त्यात फक्त फुगे होतील, रेघा होणार नाहीत, कारण तिथं मांडी घालून बसायला जागा नाही आणि शेजारचा फोनमध्ये डोकावतोच. रेघा घरी, पोरगी अभ्यासाला बसते तेव्हा तिच्याच टेबलाच्या कडेला. तिनं अट घातली आहे: तिच्या कंपासपेटीला हात लावायचा नाही आणि बुढीला एक नात पाहिजे.

चार चौकटी या वेळेत बसत नाहीत. तीनचा साचा करून बघतो, उभ्या, एकाखाली एक. घंटी तिसरीत. नात पहिल्याच भागात येईल, खिडकीची जागा तिची, आणि बुढी उभी.